वेगवान नाशिक म्हणजे नेमकं काय वेगवान?

प्रस्तावित नाशिक-पुणे रेल्वेचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन गट पडतात आणि दोन्ही गट गेली कित्येक वर्षं तेच ते बोलतायत. एक गट म्हणतो की ताशी २०० ची गाडी पाहिजे म्हणजे पाहिजेच, मुंबई-पुणे-नाशिक या त्रिकोणात आपलीच बाजू ढिली राहिली, कारखाने चाकणला वाढले, पोरं हिंजवडीला गेली, आता तरी फास्ट कनेक्टिव्हिटी द्या. दुसरा गट म्हणतो कशाला हवाय एवढा वेग, नाशिक आहे तसं निवांत बरंय, हवा चांगली आहे, पाणी चांगलं आहे, पुण्याचं काय होऊन बसलंय ते बघताय ना. मला दोघांशीही वाद घालायचाय, कारण भांडण एवढं जोरात चालू असूनही दोघांनी एक गोष्ट न बोलता मान्य करून टाकलीय, ती म्हणजे वेगवान म्हणजे ताशी किती किलोमीटर. माझ्या मते घोळ तिथंच आहे. ज्या सेवेला आपण जलद म्हणतो तिचा वेळ माणसाच्या घराच्या दारापासून कामाच्या दारापर्यंत मोजला पाहिजे, आणि तोही एखाद्या सणावाराच्या मोकळ्या दिवसाचा नाही तर दहापैकी नऊ दिवसांचा. या मापात जे बसत नाही त्याला जलद, सुपरफास्ट, द्रुतगती असलं काहीही म्हणायचा हक्क कुणालाच नसावा, आणि त्या नावाखाली जास्तीचे पैसे घ्यायचा तर अजिबातच नसावा.

पैशाचं बोललो म्हणून आधी तेच सांगतो. भारतीय रेल्वेच्या नियमात ब्रॉडगेजवर सरासरी ताशी ५५ किमी किंवा त्याहून जास्त वेग असला की गाडी सुपरफास्ट ठरते. ५५! समृद्धीवर मोटारीला १२० ची परवानगी असलेल्या राज्यात ५५ ला सुपरफास्ट म्हणायचं, आणि त्यासाठी स्लीपरला ३० रुपये, एसी चेअरकार आणि थ्री टायरला ४५ रुपये जादा लावायचे. बरं तेवढे तरी पाळतात का? कॅगचा २०१७ सालचा रेल्वेवरचा अहवाल आहे, त्यात उत्तर मध्य आणि दक्षिण मध्य रेल्वेच्या काही सुपरफास्ट गाड्या तपासल्या होत्या आणि असं निघालं की बऱ्याच दिवशी त्या गाड्यांनी हा ५५ चा आकडासुद्धा गाठलेला नव्हता आणि तरी प्रवाशांकडून सुपरफास्ट अधिभाराचे ११ कोटींहून जास्त रुपये घेतले गेले होते. कॅगने लिहिलं, पेपरात दोन दिवस बातम्या आल्या, आणि विषय संपला. म्हणजे गाडी उशिरा आली तरी नाव तेच राहतं आणि पैसेही तेच राहतात, कारण नाव टाइमटेबल बघून दिलेलं असतं, गाडी प्रत्यक्षात कधी पोचली ते बघून दिलेलं नसतं.

खरं तर साध्या बोलण्यात आपण हा शब्द फार नीट वापरतो. मुंबईत लोक म्हणतात फास्ट पकडली, स्लो सोडली. आता फास्ट लोकल आणि स्लो लोकल यांचे डबे एकसारखे, मोटर एकसारखी, फास्ट लोकल काही वेगळ्या इंजिनावर पळत नाही, ती मधल्या स्टेशनांवर थांबत नाही एवढंच, आणि कल्याणहून सीएसएमटीला जाणाऱ्या माणसाचा त्याने खरोखर वेळ वाचतो. एसटीची जलद गाडीही तशीच, साधी गाडी फाट्याफाट्यावर थांबते आणि जलद थांबत नाही, विनाथांबा तर नावातच सगळं सांगून टाकते. आणि आपल्या त्र्यंबक तालुक्यातली कविता राऊत, तिला लोकांनी सावरपाडा एक्सप्रेस हे नाव दिलं ते तिने कुठला शंभर मीटरचा रेकॉर्ड केला म्हणून नाही. ती लांब पल्ल्याची धावपटू, २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलमध्ये दहा हजार मीटरला तिने ब्रॉन्झ आणलं, म्हणजे ट्रॅकच्या पंचवीस फेऱ्या, आणि पंचविसाव्या फेरीतही वेग पडू द्यायचा नाही. लोकांना कळतं की जो शेवटपर्यंत टिकवतो तो फास्ट. हे कळत नाही ते फक्त प्रकल्पांची जाहिरात करणाऱ्यांना, आणि दुःखाची गोष्ट ही की आपण वाद घालताना आपली भाषा सोडून त्यांची भाषा घेतो.

आता ताशी २०० वाल्या गटाचा सगळ्यात वजनदार मुद्दा. ते म्हणतात दारापासून दारापर्यंत वगैरे ठीक आहे पण मूळ वेगच वाढला नाही तर वेळ कुठून कमी होणार? बरोबर आहे, आणि हे मी मनापासून मान्य करतो. जपानने १९६४ ला टोकियो-ओसाका शिंकान्सेन ही बुलेट ट्रेन ताशी २१० ने सुरू केली तेव्हा आधी साडेसहा तासाच्या आसपास लागणारा प्रवास चार तासांवर आला आणि पुढच्याच वर्षी तीन तास दहा मिनिटांवर, हे काही फूटपाथ रुंद करून झालं नाही. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किमीचा टप्पा जून २०२५ ला सुरू झाला, त्यातल्या आठेक किलोमीटरच्या बोगद्याने कसारा घाटाची चढण बाजूला पडली, तो फरक कुणी नाकारेल का? आणि रेल्वेच्या कसारा घाटाचं बोलायचं तर तिथे १८६५ पासून ३७ मीटरला १ मीटरचा चढ आहे, गाडी वर चढवायला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात, तिथे नुसतं वक्तशीर व्हा म्हणून काही होणार नाही. वेग हवाच. लांब पल्ल्याला तर फारच हवा.

पण जरा गणित करून बघा. शंभर किलोमीटर जायचंय. ताशी ४० ने गेलात तर अडीच तास, ६० ने गेलात तर एक तास चाळीस मिनिटं, म्हणजे पन्नास मिनिटं वाचली. आता १०० चे १२० करा, साठ मिनिटांची पन्नास झाली, वाचली दहा. तेच ताशी २० ने वेग वाढवला पण फायदा एकपंचमांश. म्हणजे जिथे आपण आधीच जोरात पळतोय तिथे अजून जोर लावून फार कमी मिळतं आणि जिथे आपण रखडतोय तिथे थोडं सुधारलं तरी भरपूर मिळतं. हे पाचवी-सहावीचं काळ-काम-वेग आहे, पण आपल्या सगळ्या चर्चा याच्या बरोबर उलट्या दिशेने चालतात, २०० का २५० यावर तास तास बोलतील आणि नाशिकच्या द्वारका चौकावर कुणी बोलणार नाही.

नाशिक-पुण्यालाच लावून बघू. महारेल या सरकारी रेल्वे कंपनीच्या आराखड्यात हा मार्ग साधारण २३५ किमीचा होता. समजा गाडीची सरासरी ताशी १३० पडली तर १०८ मिनिटं लागतील, ११० पडली तर १२८. वीस मिनिटांचा फरक. त्या वीस मिनिटांसाठी मार्ग अजून सरळ, बोगदे अजून लांब, पूल अजून उंच, खर्च किती वाढेल ते इंजिनिअर लोक सांगतील. आता सातपूरचा माणूस घ्या. त्याने त्र्यंबक रोड, मुंबई नाका, द्वारका असं करत नाशिकरोड गाठायचं, ट्रॅफिकचा भरवसा नाही म्हणून अर्धा तास आधी निघायचं, स्टेशनवर बसून राहायचं, गाडीत दोन तास, मग पुणे स्टेशनहून हिंजवडी, तिथे संध्याकाळी किती लागतो ते तिथे नोकरी करणाऱ्या कुणालाही विचारा. दोन तासांच्या गाडीसाठी चार-साडेचार तासांचा प्रवास झाला की हो. त्यातले अडीच तास गाडीच्या बाहेरचे, आणि त्या अडीच तासांबद्दल सगळ्या सादरीकरणात एक ओळ नसते. द्वारका ते नाशिकरोड हा रस्ता नीट वाहता झाला, स्टेशनपर्यंत वेळेवर बस मिळाली तर तीच वीस मिनिटं कितीतरी कमी पैशात वाचतात, आणि ती नुसती पुण्याला जाणाऱ्याची नाही तर मुंबईला अप-डाऊन करणाऱ्याची, जेलरोडहून शहरात कामाला येणाऱ्या बाईची, सगळ्यांची वाचतात.

आणि ही गोष्ट नाशिकला नवी नाहीये. रेल्वे आली तेव्हा ती गावात आलीच नाही, लाईन आठ-नऊ किलोमीटर लांबून गेली आणि म्हणून ते स्टेशन नाशिकरोड. मग तेव्हाच्या लोकांनी काय केलं? १८८९ ला मेनरोडच्या जुन्या नगरपालिकेपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत ट्राम टाकली! अडीच फुटी गेजची, सुरुवातीला घोडे ओढायचे, आणि तिच्या कामात सल्लागार इंजिनिअर होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप, ज्यांनी पुढे बार्शी लाईट रेल्वे केली. मला हा सगळा प्रकार फार महत्त्वाचा वाटतो. त्या काळी वाफेचं इंजिन म्हणजे वेगाची कमाल होती, तरी त्या लोकांना हे समजलं होतं की इंजिन कितीही पळो, यात्रेकरूला गोदाघाटावर पोचायचंय आणि स्टेशन ते घाट हा रस्ता जोडला नाही तर रेल्वेचा वेग अर्धा वाया जातो. ती ट्राम १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. त्यानंतर नव्वदेक वर्षं झाली, शहर पाथर्डी फाट्यापासून आडगावपर्यंत पसरलं, स्टेशनला जायला गावाचं स्वतःचं रूळावरचं साधन मात्र परत आलं नाही. ज्यांच्या काळाला आपण बैलगाडीचा काळ म्हणतो त्यांनी प्रवास सबंध धरला होता आणि आपण त्याचा मधला तुकडा तेवढा धरून बसलोय.

नाशिक-पुणे रेल्वेच्या मार्गाबद्दल जे चाललंय तेही बघा. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीला अडथळा होईल म्हणून रेल्वेने संगमनेर-नारायणगावचा मार्ग बाजूला ठेवला आणि शिर्डीकडून जाणारा पुढे केला. दुर्बिणीचा मुद्दा खोटा नाही, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत त्या, आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी पकडतात, शेजारून विजेवरची गाडी गेली तर गोंगाट होणारच, आणि जगात नाव असलेली ही यंत्रणा आपल्या भागात आहे याचा अभिमानच वाटला पाहिजे. तोडगा काय तो शास्त्रज्ञ आणि इंजिनिअर एकत्र बसून काढतील. माझा आक्षेप पुढच्या वाक्याला आहे, वळसा पडला तरी वेग जास्त असल्याने वेळ फार वाढणार नाही, असं म्हणतात त्याला. कुणाचा वेळ? नाशिकरोडला चढून पुण्याला उतरणाऱ्याचा. संगमनेर, आळेफाटा, मंचर, राजगुरुनगर, चाकण, या पट्ट्यातला शेतकरी, कॉलेजचा पोरगा, कंपनीतला कामगार, त्याच्या दारावरून गाडी जातच नसेल तर ती ताशी २०० ने पळो नाहीतर ३०० ने, त्याच्यासाठी तिचा वेग शून्यच आहे.

काही जण म्हणतील की असं सगळं जुळायची वाट बघत बसलो तर काहीच होणार नाही, आधी मोठं काम होऊन जाऊ दे, बाकी मागून येतं. या मुद्द्यात तथ्य आहे, आपल्याकडे वाट बघण्यात पिढ्या गेल्यात. पण मागून येतं हे खरं नाही ना, येत नाही, आलं असतं तर ओझरच्या विमानतळावर उतरलेल्या माणसाला शहरात यायला रिक्षा-टॅक्सीचीच आशा लागली नसती. आणि एकत्र विचार केला म्हणजे काम लांबतं असंही नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९८७ ला लोकांनी मतदान करून रेल्वेचा एक मोठा कार्यक्रम मंजूर केला, बान २०००. त्यांचं सूत्र असं की गाडी शक्य तितकी नव्हे, गरज असेल तितकी वेगवान करायची. झुरिक ते बर्न एका तासाच्या आत यायला पाहिजे होतं, का, तर दर तासाला दोन्ही ठिकाणी सगळ्या दिशांच्या गाड्या आणि बस एकमेकांना मिळाव्यात म्हणून. त्यासाठी जेवढा लागला तेवढा नवा मार्ग ताशी २०० चा बांधला, २००४ च्या डिसेंबरात टाइमटेबल लागू केलं, आणि प्रवास ५६ मिनिटांवर आणला. त्याहून पुढे जायची तांत्रिक ताकद युरोपात तेव्हा होतीच, फ्रान्स १९८१ पासून २६० ने गाड्या पळवत होता. पण ५६ ची ४६ केली असती तर त्या माणसाला बर्नला उतरून पुढच्या गाडीसाठी दहा मिनिटं जास्त उभं राहावं लागलं असतं, एवढंच.

आपल्याच इतिहासात तर यापेक्षा मोठा धडा पडलाय, आणि तो इथून फार लांब नाही. फेब्रुवारी १७२८, वैजापूरजवळचं पालखेड. निजामाकडे त्या वेळचा दख्खनमधला सगळ्यात दणकट तोफखाना होता आणि बाजीरावाकडे घोडदळ. आपण नेहमी सांगतो की बाजीराव वेगाने जिंकला. पण मराठ्यांचा घोडा काही मुघलांच्या घोड्यापेक्षा दुप्पट पळत नव्हता. बाजीरावाचा वेग होता तो बुणगे, म्हणजे सैन्यामागचा न लढणारा लवाजमा, मागे न बाळगण्यात, रसद वाटेत उभी करण्यात, बातमी वेळेवर मिळवण्यात, आणि कुठे पोचायचं हे आधी ठरवण्यात. निजाम त्याच्या मागे धावत राहिला, धावता यावं म्हणून अवजड तोफा मागे टाकल्या, आणि शेवटी अशा जागी येऊन अडकला की पाणीसुद्धा मिळेना. पुढच्याच महिन्यात मुंगी-शेवगावचा तह झाला. घोड्याची धाव मोजणाऱ्याला पालखेड कळणारच नाही, तिथे पूर्ण हालचालीचा वेळ मोजावा लागतो.

शेतीतलं बोलायचं तर नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला हे कुणी शिकवायची गरज नाही. आपली द्राक्षं युरोपला जातात ती बोटीने, आठवडेच्या आठवडे, जगातल्या मालवाहतुकीतलं जवळपास सगळ्यात सावकाश साधन. तरी मण्यावर लव राहते, देठ हिरवा राहतो. कारण घाई जिथे करायची तिथे केलेली असते, तोडणी सकाळच्या गारव्यात, माल लगेच पॅकहाऊसला, काही तासांत प्रीकूलिंग, आणि मग कंटेनरमध्ये शून्याच्या आसपासचं तापमान न तुटता शेवटपर्यंत. त्याला बोट फास्ट नको असते, ठरल्या दिवशी पोचणारी हवी असते. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बोटी आफ्रिकेला वळसा घालून जायला लागल्या तेव्हा निर्यातदारांचं गणित बिघडलं ते याच्यामुळे, भाडं वाढलं, दिवस वाढले आणि किती वाढतील त्याचा भरवसा गेला. कांद्याच्या शेतकऱ्याचंही तेच. देशातली पहिली किसान रेल ऑगस्ट २०२० मध्ये आपल्या देवळालीहून बिहारच्या दानापूरला सुटली, दीड हजार किलोमीटर, बत्तीसेक तासांत. सरासरी काढा, ताशी ४७-४८ च येते, सुपरफास्टच्या व्याख्येतही बसत नाही! पण भाजीपाल्याला तिचं महत्त्व असं होतं की वेळापत्रकाने सुटायची आणि अर्धा डबा माल असला तरी घ्यायची.

आता निवांत नाशिकवाल्यांकडे वळतो. त्यांची भीती मला पटते. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते, १२० ला ब्रेक लागायला ८० पेक्षा सव्वादोन पट अंतर लागतं, आणि समृद्धीवर १ जुलै २०२३ च्या रात्री बुलढाण्यात बस जळून २५ माणसं गेली ते कुणी विसरू नये. २००३ च्या सिंहस्थात आपल्याच गल्लीबोळात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले, गर्दीत घाई म्हणजे काय ते या शहराने भोगलंय आणि आता २०२७ समोर आहे. पण या भीतीवरून जे निवांतपणाचं कौतुक सुरू होतं तिथे मी थांबतो. निवांत कोण आहे हो? गंगापूर रोडला घर आणि तिथेच ऑफिस असेल तो निवांत आहे. पेठ-सुरगाण्याहून बाळंतिणीला घेऊन सिव्हिलला निघालेली गाडी निवांत नाही. पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबईला जाणारा माणूस सकाळी सातच्या आधी स्टेशनात असतो आणि रात्री दहाला परत, म्हणजे पंधरा तास घराबाहेर, त्याच्या पोराला बाप रविवारी दिसतो. पंचवटी १९७५ पासून धावतेय, पन्नास वर्षं झाली, त्या गाडीत दोन-दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. या माणसाचा अर्धा तास वाचवणं म्हणजे शहर बिघडवणं कसं काय? रखडणं हे जगण्याचं मूल्य नाही, ती एक वसुली आहे, आणि ती ज्याच्याकडे गाडी, ड्रायव्हर आणि जवळचं घर नाही त्याच्याकडूनच होते.

शेवटचा एक आक्षेप असा येतो की शब्दावरून एवढं कशाला, सुपरफास्ट हे नुसतं नाव आहे, ते खरं धरून कोण बसतंय. मला हा सगळ्यात घातक वाटतो. नाव नुसतं असतं तर त्यावर अधिभार लागला नसता, त्यावर जमिनी गेल्या नसत्या, त्यावर मतं मागितली गेली नसती. फास्ट ट्रॅक कोर्ट म्हटल्यावर पीडितेच्या आईबापांनी काय समजायचं, नुसतं नाव? सरकार जेव्हा एखाद्या कामाला जलद म्हणतं तेव्हा ते वेळेचं वचन देत असतं, आणि वचन मोजता आलंच पाहिजे.

म्हणून नाशिक-पुण्याचा पुढचा आराखडा येईल तेव्हा त्यात कमाल वेगाचा आकडा खुशाल असू दे, पण त्याच्या वर, मोठ्या अक्षरात, वेळेचे आकडे असायला पाहिजेत. सातपूर ते हिंजवडी किती, सिन्नर ते चाकण किती, सिडको ते शिवाजीनगर किती, संगमनेरच्या माणसाला किती, आणि दहापैकी नऊ दिवस हा वेळ पाळला जाईल याची जबाबदारी कुणाची. गाडी वेळेत पोचली नाही तर जादा घेतलेले पैसे न मागता खात्यात परत. नाशिकरोडला शेवटच्या गाडीला जोडून शहराची बस, गाडी उशिरा असेल तर बसही थांबेल. हे लोकसुनावणीत विचारायचं, आमदार-खासदारांना विचारायचं, आणि कुणी २०० म्हणालं की लगेच पुढचा प्रश्न टाकायचा, कुठून कुठपर्यंत?